लेकराला दिसू न देता

मी निघाले तेव्हा तनू गोठ्यात होती. माझे सासरे, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, तिला वासरू दाखवायला घेऊन गेले होते. वासरू चार दिवसांचं होतं आणि माझी लेक तीन वर्षांची. "तू निंघ आता," सासूबाई म्हणाल्या. "पोरीनं पाह्यलं त रडून रडून जीव देईन. लेकराले दिसू न देता निंघा लागते." मी चपला हातात घेतल्या, मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन पायात घातल्या. दिराने मोटरसायकल तिथवर हाताने ढकलत आणली होती. तालुक्याच्या गावाहून पुण्याची ट्रॅव्हल्स पाचला होती आणि आम्ही तिथे तीन वाजताच पोचलो. दोन तास मी बॅगेवर बसून होते. तेवढ्या वेळात लेकीशी नीट बोलून निघता आलं असतं, हे तेव्हा सुचलंही नाही.

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना हे नवीन नाही, आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना तर अजिबात नाही. कुणी ऊस तोडायला जातं, कुणी चाकणला, कुणी सुरतेला. लेकरू मागे ठेवायचं असलं की त्याला कुणीतरी काहीतरी दाखवायला नेतं आणि आई तेवढ्यात सटकते. आपल्याकडे याला मायेचं काम समजतात. मीही समजत होते. दोन भावांत वाटलेलं शेत एका घरालाही पुरत नव्हतं, नवरा आधीच चाकणला लागला होता, मलाही तिथेच गाड्यांच्या वायरी जोडायचं काम मिळालं. दोघांच्या शिफ्ट, एक खोली, आणि पोरीला बघायला कुणी नाही. म्हणून ती आबांजवळ राहिली. वर्षभरासाठी म्हणून ठेवली होती, चार वर्षं राहिली.

सुरुवातीला फोनवर मजा वाटायची. आबांचा साधा बटणांचा फोन होता. मी विचारायचे, जेवलीस का, आणि पलीकडे सगळं शांत. मग मागून सासूबाई ओरडायच्या, "तोंडानं बोल वं, मान काय हालवते!" तनूला वाटायचं, तिला जे दिसतं ते मलाही दिसत असणार. बोरं, चिंचेचा आकडा, नवीन फ्रॉक, सगळं ती फोनला लावून दाखवायची. "हे पाय आई." मी म्हणायचे, "पाह्यलं बाई, लय छान आहे." लेकराला वाईट वाटू नये म्हणून आपण जे खोटं बोलतो त्याला आपण खोटं मानतच नाही.

चार वर्षांची होऊन गेल्यावर एकदा तिने असंच काहीतरी दाखवलं. मी छान म्हटलं. ती म्हणाली, "मंग सांग, कोन्या रंगाची हाय?" मी म्हटलं, लाल. ती हळूच म्हणाली, "हिरवी हाय. बांगडी." त्यानंतर तिने फोनवर मला काही दाखवलं नाही. सांगायला लागली. बांगडी हिरवी आहे, काचेची आहे, आजीनं घेतली. सगळे म्हणाले, बोलायला किती छान शिकली. आईला दिसत नाही म्हणजे आई इथे नाही, हे तिला त्या दिवशी कळलं असावं असं मला आज वाटतं. त्या दिवशी मी ब्रेक संपला म्हणून फोन ठेवला होता.

दिवाळीला गेले की चार दिवस ती मला सोडायची नाही. निघायच्या दिवशी आबा म्हणायचे, "चाल तनू, वासरू पाहू." दुसऱ्या दिवाळीला ती म्हणाली, "वासरू नाई पायचं," आणि माझ्या बॅगेचा बंद धरून खाली बसली. आबांनी मग दुकानाची युक्ती काढली. बिस्किट घेऊ, चाल. एकदा फसली. पुढच्या वेळी बिस्किटाचं नाव काढताच दाराला पाठ लावून उभी राहिली. लेकरू आमच्या मनातलं ओळखायला शिकत होतं आणि आम्ही फक्त आमिष बदलत होतो. बॅगेच्या बंदावरची तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची. एकदा तिचा दंड मी जोरात धरला होता, त्याचा वळ दुसऱ्या दिवशी उठला, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मी त्यांना खोबरेल लावायला सांगितलं.

ती सहा वर्षांची असताना मी पोळ्याला गेले होते. निघायच्या दिवशी दुपारी मी बॅग खाटेखाली सरकवून ठेवली होती आणि आता कोण हिला कुठे नेतं याची वाट बघत होते. तर तनूच उठली. तिने आबांचा हात धरला. "चाला आबा, दुकानात जाऊ." दोघं गेले. तिने वळून पाहिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाय, किती समजदार झाली पोरगी." मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार हायसं वाटलं. पहिल्यांदाच मी पुढच्या दाराने, चपला घालून निघाले.

आठवड्याने आबांचा फोन आला. आबा फार बोलणारा माणूस नाही. म्हणाले, "तुले सांगू का नोको, समजून नाई राह्यलं. त्या दिवशी तिनं दुकानात काईच घेतलं नाई. नुसती उभी होती. गाडीचा आवाज गेला, मंग मले म्हने, गेली आई, चाला आता घरी. म्या म्हटलं, तुले मालूम होतं? त म्हने, मी समोर असली त आईले जानं होत नाई." मी कंपनीच्या कॅन्टीनमागे उभी होते. चहा पिऊन झाला, कप ठेवला, लाईनवर गेले आणि सुटीपर्यंत एकही वायर चुकली नाही. आतून काही हललं नाही. काहीतरी वाटायला हवं आहे, एवढं मात्र कळत होतं. तेव्हापासून मी बहुतेक अशीच आहे. रडू येत नाही, फार हसूही येत नाही, कामं सगळी होतात.

सात वर्षांची झाल्यावर तिला इकडे आणली. आता ती नऊची आहे. मले-तुले सुटलं, मला-तुला आलं. शाळेतल्या बाई म्हणतात, अशी समजूतदार मुलगी वर्गात दुसरी नाही. मी घरात शिरले की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग काय बोलायचं ते ठरवते. हट्ट नाही, रुसणं नाही. शेजारणीने यंदा विचारलं, "गॅदरिंगला का नाही आलात हो? तनू किती छान नाचली." मला माहीतच नव्हतं. तनूला विचारलं तर म्हणाली, "तुला सुट्टी मिळाली नसती. मग तुला वाईट वाटलं असतं." मी लसूण सोलत होते, सोलत राहिले. नवरा म्हणतो, पोरगी गुणाची आहे, तुला आणखी काय पाहिजे. मला काय पाहिजे ते सांगते. तिने एकदा दप्तर फेकून द्यावं. मला काहीतरी वेडंवाकडं बोलावं.

माणसं विचारतात, आता घर कुठलं, गावचं की इथलं? मी बरीच वर्षं याला ठरलेलं उत्तर देत होते. आता म्हणते, समोरच्याचं तोंड न बघता जिथे खरं बोलता येतं ते घर. त्या हिशेबाने आम्हाला अजून घर झालेलं नाही.

मागच्या रविवारी मी ओट्याशी पोळ्या करत होते आणि तनू मागे अभ्यास करत होती. मी तिच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "तनू, तुला कुठे राहायला आवडतं? इथे, का आबांजवळ?" ती म्हणाली, "आई, इकडे बघ ना." मी म्हटलं, "तव्यावर पोळी आहे. तू सांग." पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आबांजवळ," ती म्हणाली. "तिथे मला रुसता येतं."

छातीत असं काही दुखलं की हात थांबला आणि पोळी करपली. कितीतरी वर्षांनी काही दुखत होतं. मागून तिने घाबरून विचारलं, "तुला राग आला?" मी म्हटलं, "नाही गं," आणि ते खरं होतं. डोळ्यांतलं पाणी न पुसता तशीच, ओल्या तोंडाने, तिच्याकडे वळले.