चहाआधी तुळई

जुनं घर विकत घेताना तुम्ही भिंतीचा रंग बघता, की मान वर करून तुळई बघता?

मोहोपाड्याचे आमचे म्हातारे मिस्त्री घर तपासायला गेले की आधी चहा नाकारत. "चा मागनं. पोटात गेला की जीभ मऊ होते रं." मग खांबाला कान लावून टकटक करत आणि लाकडालाच म्हणत, "बोल बाबा, बोल."

वडिलांनी लोधिवलीचं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी मिस्त्रींनाच नेलं. घरमालक मिस्त्रींचेच व्याही.

"घरच्याच मानसाचं घर काय तपासता?" व्याही हसले.

मिस्त्रींनी ताज्या रंगाच्या तुळईत पटाशीची धार टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली, वाळवीची माती त्यांच्या टोपीवर सांडली.

"व्याही, रंग झकास हाय. पन हिच्याखाली आपली नातवंडं निजतात! इतकी वर्सं मी हितं चा पिऊनच बसलो, वर बगितलंच नाय. आदी तुळई बदला, मंग घर इका."

व्याही उठून आत गेले. मग स्वतःच चहा घेऊन आले. मिस्त्री दोन कप प्याले.

भीड छप्पर पेलत नाही. घर घेण्याआधी असा जाणकार न्या, आणि तो बोलेपर्यंत त्याला चहा पाजू नका.