बावटा खाली येईपर्यंत

शिडाच्या होडीला ब्रेक नसतो, हे मला पंचेचाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. शर्यत म्हटली की सगळे एका रेषेवर उभे राहतात आणि शिट्टी झाली की सुटतात, एवढीच माझी समजूत. पण पाण्यात उभं कुठे राहणार? वारा ढकलतो, ओहोटी ओढते. त्यामुळे सुरुवातीच्या आधीची पाच मिनिटं सगळ्या होड्या रेषेच्या मागे घिरट्या घालत असतात, आणि नेमक्या त्या सेकंदाला आपलं नाक रेषेवर पोचावं असं गणित प्रत्येक जण मनात मांडत असतो. वीतभर जरी आधी पुढे गेलं, तरी मागे फिरून पुन्हा रेषा ओलांडायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. अजूनही तसंच होतं. त्या उघड्या तोंडापायीच एकदा मी सगळ्यांची वाट लावली, ते सांगायचं आहे.

मी बोरिवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. राहते दहिसरला. आमच्या बिल्डिंगमध्ये नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. गोराईच्या खाडीकाठी पत्र्याची शेड आणि वीसेक छोट्या होड्या एवढाच संसार असलेला एक क्लब आहे, तिथल्या हिवाळी शर्यती ते चालवतात. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्टॉपवॉच वाचता येतं ना?" मी म्हटलं, माझं पोटच त्याच्यावर आहे. झालं. पुढच्या रविवारी मी खाडीत नांगरलेल्या मासेमारीच्या होडीवर, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात गॅसच्या डबीचा हॉर्न घेऊन बसले होते.

होडी एका नाखव्याची. तिच्या डोलकाठीपासून समोरच्या नारिंगी बोयापर्यंत जी रेष मनात ओढायची, तीच शर्यतीची सुरुवात. पाच मिनिटं उरली की एक बावटा वर. चार उरली की दुसरा वर. एक उरलं की दुसरा खाली. आणि शून्याला पहिला खाली, की शर्यत सुरू. प्रत्येक वेळी हॉर्न वाजवायचा. कॅप्टन डोलकाठीला गाल लावून एक डोळा मिटून रेषेवर नजर ठेवणार, मी मोठ्याने सेकंद मोजणार. सारा कारभार एवढाच, पण त्याच्यामागे नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे. कॅप्टननी त्यातली कामाची पानं मला मराठीत उतरवायला दिली, नाखवे आणि बोया टाकणारी मंडळी यांच्यासाठी.

ते लिहिताना माझा हात कितीदा तरी थांबला. वळणाच्या बोयाला होडी घासली, तर घासणाऱ्याने स्वतःहून जागच्या जागी एक गिरकी घ्यायची. कोणी बघितलं नसलं तरी. पाण्यात पंच नाही, शिट्टी नाही, कार्ड नाही. माझी पोरं टायट्रेशनचं शेजारच्याचं रीडिंग सर्रास उतरवतात आणि वर माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगतात, मॅडम, माझंच आहे. इथे डॉक्टर, इंजिनिअर, कोळीवाड्यातले तरुण, सगळे मला लांबवर एकटेच गिरक्या घेताना दिसायचे. कोणी न सांगता. मला भरून यायचं, आणि का ते नाखव्याला सांगताही यायचं नाही.

आता बाबांचं. ते मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या साळखात्यात त्यांनी तीस वर्षं साचे चालवले, म्हणजे कापड विणायचे माग. त्या खडखडाटात कान गेले. डावा पूर्ण, उजवा जवळजवळ. साळखात्यात सगळेच ओठ वाचून बोलायचे, त्यामुळे आई होती तोवर घरात काही अडलं नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहून हळू बोलायची. ती गेली, बाबा माझ्याकडे आले, आणि मी आपली स्वयंपाकघरातून ओरडायचे. माझा स्वभाव तापट, ते मी लपवत नाही. ते येऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोंबलतंस कित्याक गो? तोंड दाखव, माका कळता." तेवढंही मला व्हायचं नाही. कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये पडून होतं. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसून चेकनाक्याकडची वाहनं बघायचे. एक दिवस कुकर करपून काळा ठिक्कर झाला आणि शिट्ट्या त्यांना कळल्याच नाहीत. तेव्हापासून त्यांना घरी एकटं ठेवायची मला भीती वाटू लागली. म्हणून शर्यतीला घेऊन गेले. कौतुकाने नव्हे, नाइलाजाने.

"माझा थंय काय काम?" ते विचारत होते. काम निघालं. बावट्यांची दोरी ओढणारा माणूस आलाच नाही. बाबा उठले, दोरी हातात घेतली, गाठ तपासली, आणि बावटे असे सरसर चढवले-उतरवले की कॅप्टन बघतच राहिले. "आबा, आधी कुठे केलंय का हे?" ते मोठ्याने म्हणाले. बाबांना त्यांचे ओठ दिसत होते. "संपात मोर्चात बावटो धरलेलो," ते म्हणाले.

कॅप्टनना मी एवढंच सांगितलं की बाबांना जरा कमी ऐकू येतं. पूर्ण खरं सांगितलं नाही. ते सांगितलं की काय होतं ते मी बघितलं आहे. लोक आधी ओरडून बोलतात, मग बोलायचेच बंद होतात. आणि इथे तर सगळं कॅप्टनच्या आरोळ्यांवर चालणार. बहिऱ्या माणसाला दोरीवर कोण ठेवेल? म्हणून मी एक पाटी आणली. शर्यत सुटायची वेळ तिच्यावर खडूने लिहून बाबांपुढे धरायची. सकाळी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा माझ्या स्टॉपवॉचशी जुळवून द्यायचा. कॅप्टनना वाटलं, लॅबवाल्यांची शिस्त. मी मोजायचे, हॉर्न वाजवायचे, आणि त्याच क्षणी बाबांचा बावटा खाली. दोन्ही एकदम, कारण दोन्ही घड्याळं एक होती.

सबंध हिवाळा तसा गेला. रविवारी बाबा माझ्याआधी आंघोळ करून तयार असायचे. नाखव्याशी त्यांची गट्टी जमली, कारण नाखवाही इंजिनाच्या आवाजात हातवारे करूनच बोलायचा. गॅलरीतली खुर्ची रिकामी राहू लागली. सोमवारी बाबा मला वारा कुठून होता ते सांगायचे, जसं काही मी तिथे नव्हतेच. मी मनातल्या मनात घाबरून असायचे. हे काम त्यांच्या हातून गेलं असतं, तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते, आणि या वेळी उठले नसते.

मोसमातली शेवटची शर्यत. दुपारचा पश्चिमेचा वारा चढलेला, ओहोटी लागलेली. एक मिनिट उरलं, दुसरा बावटा खाली आला. वीस होड्या एकाच वेळी आमच्याकडे वळल्या. शिडं कलली, दोऱ्या करकरल्या, एकेक माणूस काठाबाहेर पाठीवर आडवा झालेला. रेषेजवळ आल्यावर पुढच्या होड्यांनी शिडं सैल सोडून फडफडवली आणि त्या जागीच थरथरत राहिल्या, इतक्या जवळ की त्यांचं पाणी आमच्या अंगावर येत होतं. वीस माणसं श्वास धरून बसलेली. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. माझं मोजणं कधी थांबलं मला कळलं नाही. सगळे आले, आता झालंच, असं वाटलं आणि अंगठा दाबला गेला.

हॉर्न वाजला. होड्या सुटल्या. आणि बावटा वरच.

"आबा, बावटा! खाली घ्या!" कॅप्टन ओरडले. नाखवाही ओरडला. बाबा ढिम्म. मान खाली, डोळे मनगटावर, दोरी मुठीत. मी हातातलं घड्याळ बघितलं. त्यावर अजून सहा सेकंद होते. पाच. चार. कॅप्टनचा आवाज फाटत होता. बाबांनी शून्याला हात सोडला आणि बावटा खाली आला. तोपर्यंत अठरा होड्या रेषेपलीकडे पोचल्या होत्या. दोनच मागे थांबल्या होत्या.

कॅप्टन लालबुंद झाले. "काय चाललंय काय? आबा, बहिरे आहात का तुम्ही?"

रागात कोणीही कोणालाही म्हणतं तसंच ते म्हणाले. बाबा होड्यांकडे बघत होते, त्यांना काहीच कळलं नव्हतं. 

"हो," मी म्हटलं. "बहिरे आहेत ते. मी तुमच्यापासून लपवलं. आणि हॉर्न मी चुकीचा वाजवला, आठ सेकंद आधी. बावटा बरोबर वेळेला आलाय."

कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं, मग मागे थांबलेल्या त्या दोन होड्यांकडे.  सर्वांना परत बोलावण्याचा पिवळा-निळा तिकोनी बावटा त्यांनी स्वतःच्या हाताने चढवला आणि मला खुणेने दोनदा हॉर्न वाजवायला सांगितला. दुसऱ्यांदा वाजता वाजता डबी फुस्स झाली. गॅस संपला. दुसरी डबी शेडमध्ये, पलीकडच्या काठावर. तीही माझीच हुशारी. नाखवा म्हणाला, पत्र्याचा डबा बडवू का? कॅप्टननी नको म्हणून मान हलवली.

एवढ्यात बाबांना काहीतरी बिनसल्याचं दिसलं असावं. माझं तोंड त्यांनी वाचलं, कॅप्टनचंही वाचलं. "घड्याळ बघून खाली घेतलो मिया," ते म्हणाले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि कॅप्टनसमोर धरला. घड्यांवर विरलेला, पाण्याचे डाग पडलेला. मी मराठीत उतरवलेल्या नियमांची झेरॉक्स. नाखव्याला दिली होती, ती त्यांनी मागून घेतली असणार. एका ओळीखाली पेन्सिलची जाड रेघ होती: 'वेळ बावट्यावरून धरावी. भोंगा ऐकू आला नाही तर त्याकडे दुर्लक्ष करावे.'

"ह्यां अक्षर तुझाच मां?" त्यांनी मला विचारलं.

माझंच होतं. ती ओळ मी रात्रीची भाकरी थापायच्या आधी घाईघाईने लिहिली होती आणि पुढच्या ओळीवर गेले होते. सबंध हिवाळा मी त्यांचा बहिरेपणा लपवत होते, आणि ते मात्र तो नियम खिशात घेऊन निर्धास्त उभे होते. मला लाज वाटली. खूप वाटली.

कॅप्टननी कागद वाचला, त्याची घडी घालून परत दिला. मग ते डोलकाठीजवळून उठले, बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले, आणि आवाज न चढवता, ओठ नीट हलवत म्हणाले, "आबा, चूक माझी. आता हॉर्न नाही. फक्त तुम्ही. चालेल?"

बाबांनी अंगठा वर केला.

मदतीला फिरणारी सेफ्टी बोट प्रत्येक होडीजवळ जाऊन सांगून आली: भोंगा नाही, बावट्याकडे बघा. मी पाटीवर नवी वेळ लिहिली. पाच मिनिटं, बावटा वर. चार, दुसरा वर. कुठे काही वाजलं नाही. एक मिनिट, दुसरा खाली. पुन्हा त्या वीस होड्या वळल्या, पुन्हा रेषेवर येऊन थरथरल्या. पण या वेळी एकही माणूस पाण्याकडे बघत नव्हता, शिडाकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळलेल्या, वीस जोडी डोळे एका म्हाताऱ्याच्या मुठीवर. मी मोजलं नाही. मला सांगितलं नव्हतं आणि गरजही नव्हती. फडफड ऐकू येत होती, पण मला वाटत होतं की आपणही सगळे काही क्षण बाबांच्याच कानांनी जगतोय. हे मी मोठ्याने म्हटलं असतं तर नाखवा हसला असता.

मूठ सुटली. बावटा आला. वीसच्या वीस होड्या एकदम ताठ झाल्या आणि रेषेवरून गेल्या. कॅप्टन काठीला गाल लावून बघत होते. एकही आधी गेली नव्हती.

बाबांनी बावट्याची घडी घातली. मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, "भोंगो वाजलो?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंड नीट दिसेल अशी. नाही म्हणून मान हलवली.

ते लांब गेलेल्या शिडांकडे बघत राहिले. "मगे ह्येंका कसा कळला?" असं म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले.