तात्यांची खुर्ची आणि माझं संशोधन

मंडळी, प्लास्टिक का आणि कसं मोडतं, यावर मी विद्यापीठात संशोधन करते.

आज तामलवाडीत चुलतबहिणीच्या साखरपुड्याला आमचे धिप्पाड तात्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात मला तिच्या पायाला चीर दिसली. "तात्या, बसू नका, मोडंल ती!"

पाहुण्यांसमोर तात्या भडकले. "म्या एवढा जड हाय व्हय?" म्हणत मुद्दाम बसले आणि जेवणाची हाक येईपर्यंत हलले नाहीत. खुर्चीला काही झालं नाही.

ते उठल्यावर मी वाकून पाहिलं, तर चीर दुप्पट वाढलेली! मी तोंड उघडणार तोच काकूंनी "टेक की गं जरा" म्हणत मला त्याच खुर्चीत बसवलं.

काडकन! मी जमिनीवर.

तात्या म्हणाले, "पोरी, वजन कमी कर."

आता तुम्हीच सांगा, खुर्ची कुणी मोडली? फक्त जपून लिहा, तात्याही फेसबुकवर आहेत.