ग्दान्स्कमधला फोटो

मागच्या उन्हाळ्यात वडिलांना पोलंडला नेलं होतं. बाल्टिक समुद्रावरच्या ग्दान्स्क या जुन्या बंदरात आम्ही दोन दिवस हिंडलो. उंच, रंगीत घरांवर वडील नुसती नजर टाकून पुढे चालत होते. मग संग्रहालयात युद्धानंतरच्या शहराचा फोटो दिसला. छपरं गेलेली, नुसत्या भिंती उरलेल्या.

ते थबकले. "छाटलेल्या बागेवानी दिसतंय. हे परत उभं केलं?"

"हो, पहिल्यासारखंच. पण पुष्कळ वर्षं लागली."

गारपिटीनं निफाडची आमची द्राक्षबाग झोडपली, तेव्हा मीच हट्टानं जेसीबी लावून ती उपटायला लावली आणि त्यांना शहरात, इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. तेव्हा त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

फोटोवरची नजर न हलवता ते म्हणाले, "आपली खोडं तर जित्ती व्हती."