मशीनला कोपर

"बोटं खोटं बोलतात, कोपर नाय," असं म्हणत मावशी बाही वर सारायच्या आणि पाण्याच्या बादलीत कोपर बुडवायच्या. मग डोळे मिटून क्षणभर थांबायच्या. निकाल दोनच असत: "लेकराला चालंल" किंवा "आईला चालंल".

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात माझी मुलगी झाली, तेव्हा त्या आमच्याकडे येऊ लागल्या. मी नवा बाप आणि पेशाने बातमीदार. मोजमापाशिवाय विश्वास ठेवायची सवय नव्हती, म्हणून पाण्यासाठी एक थर्मामीटर आणला. मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि तुळशीच्या कुंडीत खोचला. "तिथं शोभतो," म्हणाल्या.

पुढे कोपराचा कारभार वाढला. चहाचा पेला, माझ्या सासूबाईंचा ताप, मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची सीट, सगळं कोपराने तपासून मगच मावशींचं मत ठरे.

त्या सगळ्यांना अरेतुरे करत. एकदा एका नगरसेवकाच्या सत्काराची बातमी घ्यायला मी गेलो होतो. मावशी शेजारीच उभ्या. व्यासपीठावरच्या सत्कारमूर्तीकडे बोट दाखवून त्यांनी माहिती पुरवली, "याच्या टाळूत तेल मुरायचंच नाय." ती बातमीत आली नाही.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मावशींचं पोट वाढू लागलं. गल्लीने आधी थट्टा केली. "मावशी, आता तुम्हाला कोण न्हाऊ घालणार?" मावशीही हसल्या. तपासण्यांनंतर कळलं, पोटाच्या आतल्या अस्तरावर कॅन्सर पसरला होता.

त्यांचा मुलगा सातपूरच्या कारखान्यात होता. तो मावशींबरोबर मलाही डॉक्टरांकडे घेऊन गेला, कारण मावशींची अट होती: "पेपरवाल्याला आण. तो लिहून घेतो."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पोट उघडून दिसतील तेवढ्या गाठी काढायच्या. मग औषध मिसळलेलं गरम द्रावण मशीनने तास-दीड तास पोटात फिरवायचं, म्हणजे नजरेतून सुटलेल्या पेशीही मरतात. ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे. केलं नाही, तर हाती फार महिने नाहीत. मी सगळं वहीत लिहिलं.

"म्हंजे बाळंतिणीची आंघोळ, पण आतून," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "तसं म्हणता येईल."

"पाणी केवढं गरम?"

"बेचाळीस अंश. मशीन मोजतं."

"मशीनला कोपर हाय का?"

मुलाने कपाळाला हात लावला. मावशींनी संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. पाणी बघितल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्या अंगावर तांब्या ओतला नव्हता, स्वतःच्या पोटात कसं ओतू देणार? मुलगा चिडला, मग रडला. मावशी हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले, ते स्टीलचं पातेलं घेऊन. आत साधं पाणी, बरोबर बेचाळीस अंशांचं. मावशींनी बाही वर सारली, कोपर बुडवलं, डोळे मिटले. वॉर्डातले इतर पेशंटही माना उंचावून बघत होते.

"लेकराला जास्त हाय," त्या म्हणाल्या. "आईला चालंल."

पण सही लगेच झाली नाही. आधी डॉक्टरांना बाही वर करावी लागली. त्यांनी चुकून बोटं बुडवली, तेव्हा हातावर चापट बसली. दुसऱ्या खेपेला कोपर बरोबर बुडालं. मग मावशींनी सही केली.

ऑपरेशनला नऊ तास लागले. शुद्धीवर आल्यावर मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुणी बघितलं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "कोपराने."

ते गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, "खोटं बोलतोय. पण माणूस चांगला हाय." मी शहानिशा केली नाही. बातमीदार म्हणून ही चूक नोंदवून ठेवतो. मावशींची तक्रार वेगळीच होती. एवढी आंघोळ घातली, पण नंतर ओव्याची धुरी कुणी दिली नाही.

त्यानंतर चार वर्षं मिळाली. त्यांत त्यांनी गल्लीतली आणखी अकरा बाळं न्हाऊ घातली. वजन उचलायची मनाई होती, म्हणून स्टुलावर बसून त्या कोपर बुडवत आणि तांब्या दुसरं कुणी ओते. मग आजार परतला. या वेळी ऑपरेशन शक्य नव्हतं.

त्या गेल्या त्या सकाळी शेवटच्या आंघोळीसाठी पाणी तापवलं. मावशींच्या हातून बाळंतपणाची आंघोळ घेतलेल्या तीन बायका आत होत्या. त्यांत माझी बायकोही. तिघींनी आळीपाळीने कोपर बुडवलं आणि तिघींचं एकमत होईना. एकीला पाणी कढत वाटलं, एकीला कोमट. माझी बायको म्हणाली, अजून एक तांब्या गार घाला. बाहेर आम्ही पुरुष तयारी करून उभे होतो. वाद काही मिटेना.

शेवटी मुलगा दारातूनच सवयीने म्हणाला, "अहो, आईला विचारा की."