रेडिएटरमधल्या अक्षता

त्या वर्षी बाबा मला घरात ओळखत नव्हते, गाडीत ओळखायचे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, होतं असं. होतं तर होतं. घरात मी म्हणजे कुणीतरी कामाला आलेली बाई. "ओ बाई, चाय मिळात काय?" असं अगदी अदबीनं विचारायचे. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा आणि मुलुंडहून पवईच्या तलावापर्यंत जाऊन परत यायचं, हा आमचा नेम. भांडुप यायच्या आधीच कुठेतरी ते म्हणायचे, "बाये, गिअर बदल. इंजिन रडता." मी बदलायचे. परत येईपर्यंत मी त्यांची मुलगी असायचे. खाली उतरलं की पुन्हा ओ बाई.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. पुढे तेही बंद झालं. आत काही हलतच नव्हतं. चहा करायचा, गोळ्या द्यायच्या, ऑफिसला जायचं, गाडी काढायची, बस.

तर ही गाडी मे महिन्यात तापायला लागली. कांजूरच्या सिग्नलला उभी होते, काटा चढत चढत लालवर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. मागचे हॉर्न बडवतायत. एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, मॅडम, साइड में लो. जशी काही मी हौसेनं मध्ये थांबले होते! बाबा मात्र शांत. इंजिन बंद कर, झाकणाला हात लावू नको, थंड होऊ दे, एवढं सांगितलं आणि बाहेर बघत बसले. उभा जन्म त्यांनी घाटकोपरच्या एका शेटची गाडी चालवली. जुन्या गाड्यांना रोज सकाळी पाणी पाजायला लागायचं, ते त्यांच्या हातात मुरलेलं होतं.

आमचा गॅरेजवाला भांडुपचा. त्यानं आधी थर्मोस्टॅट बदलला. दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. पंखा बघितला, फिरत होता. पाण्याचा पंप बघितला, ठीक होता. गळती कुठे सापडेना. तोवर हीटर फुल लावून चालवा म्हणाला, इंजिनाची गरमी आत ओढून घेतो. मे महिन्यात हीटर लावून मी आणि बाबा पवईला जात होतो. काचा खाली, दोघंही घामानं निथळतोय. सिग्नलला रिक्षावाले आमच्याकडे बघायचे. बघू देत. बाबा गिअर बदल म्हणत होते ना, मग मला हीटरचं काही नव्हतं.

शेवटी एकदा गाडी त्याच्याकडेच बंद पडली आणि त्यानं रेडिएटर खाली काढला. मला फोन करून बोलावून घेतलं. पत्र्याच्या टपात लालसर गाळ पडला होता. त्यात फुगलेले तांदूळ, जास्वंदीची कुजलेली पाकळी.

"ताई, गाडीत भात कोणी शिजवला?" तो म्हणाला.

त्याला हसू येत होतं. मला एका क्षणात कळलं. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या खिडकीत ऊन येत नाही, म्हणून बाबा रोज आंघोळ झाली की तांब्या घेऊन खाली पार्किंगमध्ये जायचे, सूर्याला अर्घ्य द्यायला. तांब्यात पाणी, कुंकू, अक्षता, फूल. गाडी पुसायची म्हणून दुसरी चावी त्यांच्याच खिशात असायची. अर्घ्य देऊन झालं की उरलेला तांब्या रेडिएटरमध्ये. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, हो, रोज बॉनेट उघडून पूजा करतात, मला वाटलं तुमच्यात करत असतील.

रेडिएटर बाद झाला होता. वारंवार तापून हेड गॅस्केटही गेलं होतं, म्हणजे इंजिन उघडायचं. गॅरेजवाला सरळ माणूस, म्हणाला, ताई, गाडीच्या किमतीपेक्षा काम मोठं होतंय, विचार करा. बोरिवलीचा माझा भाऊ म्हणाला, "भंगारात दे यार, वाट लागलीय तिची. बाबांना टॅक्सीनं फिरव." मी टॅक्सीनं फिरवून बघितलं. बाबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी अंग चोरून बसले आणि पवई आल्यावर म्हणाले, बाई, तुमका खंय उतराचा हा? घरी आल्यावर मी भावाला कळवलं, बोलाव भंगारवाल्याला. आज ना उद्या गाडीतही हेच होणार होतं. मग उगाच इंजिन कशाला उघडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या आधीच बाबा घरात नव्हते. दार उघडंच. माझं डोकं फिरलं. खाली धावले तर आमच्या रिकाम्या जागेपाशी उभे, हातात भरलेला तांब्या.

"वर चला," मी खेकसले. "गाडी नाहीये इथे."

ते ओशाळले. परक्या बाईनं ओरडावं तसे.

"माझ्या चेडवाची गाडी हय असता," ते म्हणाले. "आज बिनपाण्याची घेवन गेली. वाटेत गरम झाली तर एकटी खंय उभी रवतली ती?"

मी तांब्या घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"तुमका दिसली तर सांगा तिका. बापूस पाणी घेवन उभो हा म्हणान."

"सांगते," मी म्हणाले.

तिथेच उभी राहून मी गॅरेजवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, इंजिन उघडा, काय लागेल ते करा. बाबा कान देऊन ऐकत होते. तांब्यातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "येता मां ती?"

"येतेय," मी म्हणाले.