बहीण बेटावर, सही कचेरीत

निवृत्तीबरोबर बहुतेक गुन्हे फायलींत मागे राहिले. हा एक राहिला नाही. आठवला की आजही माझं डोकं तापतं.

जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, तेव्हा पन्नाशीची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. सासर आंबेगाव तालुक्यात, माहेर आमच्या हद्दीत, राजुरीच्या पुढे. नवरा एसटीतून निवृत्त झालेला चालक. दोघंही उन्हाने रापलेली. तिच्या हातात तलाठ्याची नोटीस होती: तुम्ही माहेरच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडला आहे, हरकत असल्यास कळवा.

"मी सही केलेलीच न्हाई," एवढंच ती म्हणत होती.

ठाणे अंमलदाराने नेहमीचं पालुपद लावलं, बाब दिवाणी आहे, कोर्टात जा. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. खोटी सही म्हणजे दिवाणी बाब? असल्या उत्तरांमुळेच बायका ठाण्याची पायरी चढत नाहीत.

हकिगत अशी. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर भाऊ, बहीण आणि आई अशी तीन नावं लागली. भावाला घरासकट जमीन एका रिसॉर्टवाल्याला विकायची होती. आईचा अंगठा त्याने आधीच घेतला होता. बहिणीने मात्र ठाम सांगितलं होतं, आई आहे तोवर सही नाही. तिला जमीन नको होती. आपलं नाव निघालं की आई रस्त्यावर येणार, हे तिला कळत होतं.

मग एके दिवशी भाऊ एकदम गोड झाला. ताईच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने दोघांना जहाजाची सहल भेट दिली, मुंबईहून लक्षद्वीपच्या एका छोट्या बेटाची. तिकिटासाठी म्हणून ताईचं आधार कार्ड नेलं. जन्मात कधी बोटीत न बसलेली ती बाई बेटावर शिंपले वेचत होती, फोनला रेंज नव्हती, आणि त्याच दिवशी नोंदणी कचेरीत दुसरीच कुणी तिच्या नावाने अंगठा देत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तक्रार द्यायला आली तेव्हाही तिच्या पिशवीत भाच्यांसाठी आणलेले शिंपले होते.

दस्ताची नक्कल मागवली. आधारवर नाव आणि नंबर ताईचा, चेहरा कपाळापर्यंत पदर घेतलेल्या अनोळखी बाईचा.

भावाला बोलावलं. कडक पांढरे कपडे, दोन पुढाऱ्यांची नावं तोंडात. ताईच आली होती, आता नवऱ्याने तिला फितवलं, म्हणाला. मी जहाजाचं तिकीट आणि त्या दिवसाचा बेटावरचा फोटो टेबलावर ठेवला. तिकीट त्यानेच काढलेलं. हात दाखवून अवलक्षण! मग त्याने पवित्रा बदलला. बाई एजंटाने आणली असेल, मी माझी सही करून निघालो, तिचं तोंडही पाहिलं नाही. एजंट आणि साक्षीदार पसार झाले होते. दोन तास त्याचं तेच रडगाणं चाललं. कानाखाली द्यावी असं फार वाटलं, पण मारून घेतलेलं कोर्टात टिकत नाही.

मी चहा मागवला. आमच्याकडे रीत आहे, बहिणीने हक्क सोडला की भावाने तिला साडी द्यायची. साडीशिवाय घेतलेली जमीन लाभत नाही म्हणतात. चहा पिता पिता मी सहज विचारलं, "एवढी जमीन घेतलीस राव, बहिणीला साडी तरी दिलीस का? का रिकाम्या हातानं वाटेला लावलीस?"

तो ताडकन म्हणाला, "येवढा भिकारडा न्हाई मी, साहेब. कचेरीच्या दारातच पैठणी दिली, वर नारळ ठेवला, पाया पडलो तिच्या."

आणि हातातला कप त्याने खाली ठेवला. जिचं तोंड पाहिलं नाही म्हणत होता, तिच्या पाया पडल्याचं त्याने स्वतःच सांगितलं होतं.

पुढे त्यानेच बाईचं गाव सांगितलं. जुन्नरच्या पेठेतल्या दुकानात साडीची पावती मिळाली, तिथल्या कॅमेऱ्यात तोही दिसला. बाई टोमॅटो तोडणीला जाणारी मजूर. पैठणी तिने घडीही न मोडता पेटीत ठेवली होती. सख्ख्या भावाने आजवर चिंधी दिली नाही, हा माणूस तर पाया पडला, असं ती मला सांगत राहिली. आरोपी तिलाही करावं लागलं.

पुरवणी जबाबासाठी बहीण आली तेव्हा जप्त साडी टेबलावर होती. तिने पदर उलगडून बराच वेळ पाहिला.

"मोरपंखी," ती म्हणाली. "माझ्या आवडीचा रंग. त्याला ठावं व्हतं."

फेरफार नामंजूर झाला, भावावर दोषारोपपत्र गेलं. आई आजही त्याच घरात आहे.

माणूस कायदा मोडताना कचरत नाही, रीत मोडताना कचरतो, हे मी या गुन्ह्यात शिकलो. हक्क घ्यायचा आणि साडी द्यायची! ही रीत भावांनीच काढली असणार. नवे अधिकारी विचारायचे, साहेब, साडीचा प्रश्न सुचला कसा? अनुभव, असं म्हणून मी वेळ मारून न्यायचो.

आज खरं सांगतो. माझ्या सातबाऱ्यावरही माझ्या बहिणीचं नाव नाही. तिने स्वतः येऊन सही केली, आमच्याकडे जेवली आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी गेली. साडी मीही दिली होती. तिला कुठला रंग आवडतो, ते मला अजून माहीत नाही.